सुटकेनंतरचा सरकारी पैसा: अनुदान, निकालावर मोबदला की बचतीत वाटा?

शिक्षा भोगून बाहेर पडलेला माणूस पुन्हा गुन्ह्याकडे वळू नये म्हणून सरकारने पैसा खर्च करावा का, या वादात आता फारसा दम उरलेला नाही. इंग्लंड आणि वेल्सच्या न्याय मंत्रालयाने 2016 मधल्या गुन्हेगारांच्या एका गटाचा हिशेब मांडला. त्यांनी पुढच्या बारा महिन्यांत जे गुन्हे केले, त्यांची समाजाला पडलेली किंमत 1,810 कोटी पौंड निघाली. पोलीस, न्यायालय, तुरुंग आणि ज्यांच्यावर गुन्हा घडला त्यांचे नुकसान, सगळे धरून. एवढा पैसा नंतर जाणारच असेल तर त्यातला थोडा आधी घातलेला बरा, हे कुणालाही पटते.

अडते ते पुढे. पैसा द्यायचा कसा? चर्चा नेहमी कार्यक्रमांभोवती फिरते: शिक्षण की व्यसनमुक्ती, समुपदेशन की रोजगार. तोच पैसा किती वर्षांसाठी, कोणत्या अटीवर आणि कुणाच्या जोखमीवर दिला जातो, याची फार कमी लोक विचारपूस करतात. चांगला कार्यक्रम चुकीच्या करारात घातला की तो महिन्या-दोन महिन्यांत ओळखू येईनासा होतो, असे माझे मत आहे. म्हणून इथे कार्यक्रमांची नाही, पैसा देण्याच्या पद्धतींची तुलना केली आहे. अर्थसंकल्पात तरतूद सुचवणारे अधिकारी, त्यावर मत देणारे लोकप्रतिनिधी आणि असा पैसा घ्यावा की नाही या विचारात पडलेले संस्थांचे विश्वस्त, या तिघांना डोळ्यांसमोर ठेवून.

आधी मोजमाप ठरवा

पद्धत कोणतीही असो, ‘पुन्हा गुन्हा’ म्हणजे नेमके काय मोजणार, हे सर्वांत आधी कागदावर यायला हवे. अमेरिकेच्या न्याय सांख्यिकी विभागाने 30 राज्यांतून 2005 साली सुटलेल्या कैद्यांचा माग ठेवला. तीन वर्षांत पुन्हा अटक झालेले 67.8 टक्के निघाले. त्याच पाहणीत, तेवढ्याच काळात पुन्हा तुरुंगात गेलेल्यांचे प्रमाण जवळपास निम्मे होते, आणि पॅरोलच्या अटी मोडल्याबद्दल परत पाठवलेलेही त्यातच आले. नॉर्वेचा नेहमी दाखवला जाणारा 20 टक्क्यांचा आकडा आहे तो 2005 साली सुटलेल्यांपैकी दोन वर्षांत नव्याने शिक्षा झालेल्यांचा. तो 67.8 च्या शेजारी ठेवला की भाषण रंगते, पण त्यावरून निर्णय घेता येत नाही.

त्याच्याच जोडीला दुसरा प्रश्न असतो. माणसे मोजायची की गुन्हे? वर्षाला बारा चोऱ्या करणारा तीनवर आला, तर माणसे मोजणाऱ्याच्या वहीत तो नापास आणि गुन्हे मोजणाऱ्याच्या वहीत मोठे यश. माणसे मोजून मोबदला दिला की संस्था सुधारण्याजोग्या दिसणाऱ्यांकडे वळतात. ज्याचा पाय एकदा घसरला त्याच्यावर पुढे वेळ घालवणे त्यांना परवडत नाही. वाईट हेतू कुणाचाच नसतो, करारच तसा असतो. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

सरळ अनुदान

सर्वांत जुनी वाट. खाते स्वतः कार्यक्रम चालवते, किंवा संस्थेला ठरावीक काम सांगून ठरावीक रक्कम देते. अमेरिकेत 2008 च्या सेकंड चान्स कायद्याने केंद्राकडून राज्यांना आणि संस्थांना अशी अनुदाने सुरू झाली. मोठा फायदा म्हणजे लहान संस्थेला स्वतःचे भांडवल लागत नाही. सुटलेल्या माणसाला पहिल्या रात्री राहायला जागा, ओळखपत्र, औषधे, कामाचा पत्ता अशी कामे ज्या संस्था करतात, त्यातल्या बहुतेक हातातोंडाची गाठ घालतच चालतात. त्यांना निकालाची वाट पाहायला लावणे म्हणजे दार बंद करणे.

दुखणे दोन. पहिले मुदतीचे. कार्यक्रमाला हात बसायला वर्ष लागते आणि परिणाम दिसायला आणखी दोन. अनुदान मात्र वर्षाचे. कॅनडात 1994 मध्ये ओंटारिओतल्या हॅमिल्टन शहरात ‘सर्कल्स ऑफ सपोर्ट अँड अकाउंटेबिलिटी’ सुरू झाले. लैंगिक गुन्ह्यांची शिक्षा पुरी करून बाहेर आलेल्या, ज्याला कुणी जवळ करत नाही अशा माणसाभोवती काही प्रशिक्षित स्वयंसेवक उभे राहायचे, त्याला आधार द्यायचा आणि त्याच्यावर लक्षही ठेवायचे. पद्धत पुढे ब्रिटनसह इतर देशांनी उचलली. ज्या देशात ती जन्मली तिथे 2015 मध्ये तुरुंग खात्याने तिचा निधी थांबवला आणि 2017 मध्ये सरकारने तो पाच वर्षांसाठी पुन्हा दिला. मधल्या काळात स्वयंसेवकांची साखळी तुटली की ती आदेश काढून जोडता येत नाही.

दुसरे दुखणे जास्त गंभीर. सरळ अनुदानात ‘काम झाले का’ हे विचारले जाते, ‘उपयोग झाला का’ हे विचारायची कुणावर सक्ती नसते. किती जणांनी वर्ग पूर्ण केला, किती समुपदेशनाची सत्रे झाली, एवढे भरले की पुढचा हप्ता निघतो. इंग्लंड-वेल्सच्या तुरुंगांत लैंगिक गुन्हेगारांसाठीचा मुख्य उपचार कार्यक्रम 1991 पासून चालला. सरकारचा स्वतःचा, प्रशिक्षित कर्मचारी असलेला, नियमांत बसणारा. 2017 मध्ये न्याय मंत्रालयानेच अभ्यास प्रसिद्ध केला. सरासरी आठेक वर्षांच्या पाठपुराव्यात कार्यक्रम घेतलेल्यांपैकी 10 टक्क्यांनी पुन्हा लैंगिक गुन्हा केला होता. न घेतलेल्या, पण बाकी बाबतींत सारख्या असलेल्यांपैकी 8 टक्क्यांनी. कार्यक्रम मागे घेण्यात आला. पाव शतक पैसा वेळेवर मिळत राहिला आणि त्याच कारणाने कुणी मागे वळून पाहिले नाही.

त्याआधीचे उदाहरण न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगातले. 1970 च्या दशकात वाट चुकलेल्या पोरांना तुरुंगात नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून दम भरवायचा, म्हणजे ती सुतासारखी सरळ येतील, अशी कल्पना निघाली आणि भराभर पसरली. खर्च नगण्य, दृश्य जोरदार. पुढे अशा प्रयोगांचे काटेकोर अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा दम भरलेली मुले इतरांपेक्षा जास्त गुन्हे करताना आढळली. स्वस्त होता म्हणून तो कार्यक्रम कुणाला महाग वाटला नाही, एवढाच त्याचा गुण.

तरी सरळ अनुदानाला मी बाद करत नाही. त्याला फक्त दोन गोष्टी जोडाव्या लागतात: तीन ते पाच वर्षांची हमी, आणि देखरेखीसाठी व मूल्यमापनासाठी वेगळे काढून ठेवलेले पैसे. वॉशिंग्टन राज्याचा अनुभव इथे बोलका आहे. तिथल्या विधिमंडळाने 1983 मध्ये स्वतःची धोरण संशोधन संस्था उभी केली. बाल न्यायालयांतून आलेल्या मुलांच्या कुटुंबांसोबत केल्या जाणाऱ्या ‘फंक्शनल फॅमिली थेरपी’ची या संस्थेने तपासणी केली आणि 2004 मध्ये निष्कर्ष मांडला. समुपदेशकाने पद्धत नीट पाळली होती तिथे गंभीर गुन्ह्यांचे पुनरावर्तन 38 टक्क्यांनी घटले. जिथे पाळली नव्हती तिथे फायदा शून्य, उलट आकडे किंचित वाईटच. कार्यक्रमाचे नाव तेच, पुस्तिका तीच, अनुदान तेच. पर्यवेक्षकाचा पगार कापून वाचवलेला पैसा कुठे जातो, हे यावरून कळावे.

शिक्षणाच्या बाबतीतही तेच. रँड या संशोधन संस्थेने 2013 मध्ये अमेरिकेतले अभ्यास एकत्र केले. तुरुंगात शिकलेल्यांची परत तुरुंगात जाण्याची शक्यता सुमारे 13 टक्के-बिंदूंनी कमी दिसली आणि शिक्षणावरच्या प्रत्येक डॉलरमागे पुढच्या तीन वर्षांत तुरुंगाच्या खर्चातले चार ते पाच डॉलर वाचतात असा अंदाज निघाला. एक सावधगिरी मात्र हवी: जो स्वतःहून वर्गात येऊन बसतो तो मुळातच वेगळा असतो, आणि सगळ्याच अभ्यासांना हा फरक पुरता गाळून टाकता आलेला नाही. तरीही एवढी खात्री फार थोड्या कार्यक्रमांबद्दल मिळते. गंमत अशी की अमेरिकेने कैद्यांना उच्च शिक्षणासाठीची पेल शिष्यवृत्ती 1994 मध्ये बंद केली, 2015 मध्ये प्रयोग म्हणून थोड्यांना दिली आणि पूर्णपणे पुन्हा खुली केली ती जुलै 2023 मध्ये. एकोणतीस वर्षे. मधल्या काळात पुरावा बदलला नव्हता, राजकीय हवा बदलली होती. अनुदानाची हीसुद्धा एक जोखीम आहे: एका सहीने येते, एका सहीने जाते.

निकालावर मोबदला

अनुदानाच्या या ढिलाईवर उतारा म्हणून गेल्या पंधरा-वीस वर्षांत ही पद्धत पुढे आली. सरकार म्हणते, गुन्हे कमी करून दाखवा, मग पैसे. कागदावर याहून न्याय्य काही सुचणार नाही. पण दाखवेपर्यंत खर्च कुणी करायचा? यातून सोशल इम्पॅक्ट बाँड निघाला. खासगी किंवा धर्मादाय गुंतवणूकदार आधी पैसा घालतात, संस्था काम करते, त्रयस्थ मूल्यमापक निकाल मोजतो आणि उद्दिष्ट गाठले तर सरकार गुंतवणूकदारांना मुद्दल व परतावा देते. नाव बाँडचे, पण हातात ठरलेले व्याज नाही. जोखीम खरीखुरी असते.

जगातला असा पहिला करार सप्टेंबर 2010 मध्ये इंग्लंडमधल्या पीटरबरो तुरुंगात सुरू झाला. 17 गुंतवणूकदारांनी 50 लाख पौंड घातले. एक वर्षापेक्षा कमी शिक्षा झालेले पुरुष, म्हणजे ज्यांना तेव्हा सुटकेनंतर सरकारी देखरेख आणि मदत जवळपास नव्हतीच, ते यात घेतले. तुरुंगात असतानाच भेट, दारातून बाहेर पडताना सोबत, मग घर, उपचार, काम. हजार-हजारांचे गट करायचे ठरले. मोजायचे होते गुन्हे, माणसे नव्हेत. पीटरबरोच्या प्रत्येक माणसाची तुलना देशातल्या इतर तुरुंगांतून सुटलेल्या, त्याच्याशी मिळत्याजुळत्या दहापर्यंत माणसांशी केली गेली. एका गटात 10 टक्के किंवा सगळे गट मिळून 7.5 टक्के घट दिसली तर पैसे मिळणार. पहिल्या गटाचा निकाल 2014 मध्ये आला: 8.4 टक्के. सुधारणा झाली होती, पण पैसे नाहीत. अखेर 2017 मध्ये दोन्ही गटांची मिळून 9 टक्के घट धरली गेली आणि गुंतवणूकदारांना मुद्दल व वर्षाला सुमारे 3 टक्के परतावा मिळाला.

दोन गोष्टी इथे टिपून ठेवण्यासारख्या आहेत. काम सुरू झाल्यापासून पहिला आकडा हाती यायला चार वर्षे गेली. गट पुरा व्हायचा, मग वर्षभर वाट पाहायची, मग न्यायालयांचे निकाल लागायचे. आणि तिसरा गट झालाच नाही, कारण सरकारने तोवर देशभर नवीच व्यवस्था आणली, त्यामुळे तुलनेला कुणी उरले नाही. सगळ्यांना मदत मिळणार म्हटल्यावर मदत न मिळालेला गट कुठून आणणार?

न्यूयॉर्कच्या रायकर्स बेटावरच्या तुरुंगातला प्रयोग याच्या उलट. 2012 मध्ये गोल्डमन सॅक्स या गुंतवणूक बँकेने कर्ज दिले, त्याच्या मोठ्या हिश्श्याची हमी शहराचे तेव्हाचे महापौर ब्लूमबर्ग यांच्या धर्मादाय संस्थेने घेतली आणि 16 ते 18 वयाच्या मुलांसाठी वर्तन-उपचाराचा कार्यक्रम सुरू झाला. 2015 मध्ये मूल्यमापन आले: पुनरावर्तनात घट नाही. करार तिथेच संपला आणि शहराने एक पैसाही दिला नाही. अनेकांनी याला अपयश म्हटले. मला ते पीटरबरोपेक्षा अधिक शिकवणारे वाटते. सरळ अनुदानात हाच कार्यक्रम आणखी वीस वर्षे चालला असता. इथे तो तीन वर्षांत थांबला. ज्या कामाचा गुण माहीत नाही ते दुसऱ्याच्या पैशाने तपासून घेता येते, आणि या पद्धतीची खरी किंमत तिथे आहे. मात्र एक विसरू नका. हमीचा पैसा दानाचा होता. निव्वळ नफ्यासाठी येणारा गुंतवणूकदार अशा जोखमीला एवढ्या सहज तयार होत नाही. शिवाय वकील, मध्यस्थ, मूल्यमापक यांचा खर्च छोट्या प्रयोगातही पुरता लागतो.

मग हीच कल्पना मोठी केली तर? ते इंग्लंड-वेल्सने करून पाहिले आणि त्याचे बिल बरेच मोठे आले. 2014 मध्ये तुरुंगाबाहेरच्या गुन्हेगारांवर देखरेख ठेवणारे 35 सरकारी प्रोबेशन ट्रस्ट मोडीत काढले. जास्त धोक्याचे गुन्हेगार सरकारी सेवेकडे ठेवले आणि बाकीचे 21 कंपन्यांकडे सोपवले. कंपन्यांच्या मोबदल्याचा एक भाग पुनरावर्तनाच्या आकड्यांवर बांधला. शिवाय पूर्वी देखरेखीबाहेर असलेले कमी शिक्षेचे सगळे कैदी या व्यवस्थेत आणले. कंपन्यांकडे येणाऱ्या प्रकरणांची संख्या अंदाजापेक्षा कमी भरली, उत्पन्न घटले, कर्मचारी कमी झाले, फोनवरून देखरेख सुरू झाली. 2017 मध्ये तुरुंग आणि प्रोबेशनच्या निरीक्षकांनी संयुक्त अहवालात म्हटले की तुरुंगातून बाहेर पडतानाची ही सेवा उद्या बंद केली तरी पुनर्वसनावर नगण्य परिणाम होईल. 2019 मध्ये प्रोबेशनच्या मुख्य निरीक्षकांनी हा सगळा साचाच दुरुस्त न होण्याइतका सदोष ठरवला. करार मुदतीआधी गुंडाळले आणि जून 2021 पासून सगळे काम पुन्हा सरकारकडे आले.

आणि आता मोजमापाचा तो मुद्दा. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या 2019 च्या अहवालानुसार 2011 ते मार्च 2017 या काळात पुन्हा गुन्हा करणाऱ्यांचे प्रमाण 2.5 टक्के-बिंदूंनी घटले, पण जे करत होते त्यांचे प्रत्येकी गुन्हे 22 टक्क्यांनी वाढले. यातला हवा तो आकडा उचलून कुणीही विजय किंवा दिवाळे जाहीर करू शकतो.

पीटरबरो आणि हा देशव्यापी प्रयोग यांना लोक एकाच माळेचे मणी समजतात, ते बरोबर नाही. पीटरबरोत एक तुरुंग, स्पष्ट गट, आधी ठरलेली तुलना आणि वाट पाहू शकणारा पैसा होता. देशव्यापी व्यवस्थेत यातले काहीच नव्हते. कंपनीला मोबदला ज्या आकड्यावर मिळणार तो आकडा पोलिसांची कारवाई, न्यायालयांचा वेग, घरभाडे आणि नशेच्या बाजारातले चढउतार यांवर हलत होता. स्वतःच्या हातात नसलेल्या गोष्टीवर पैसे लावायला सांगितले की शहाणा ठेकेदार त्या पैशावर पाणी सोडतो आणि ठरलेल्या शुल्कातच खर्च कसा कमी करता येईल ते पाहतो.

बचतीत वाटा

तिसरी पद्धत कमी गाजलेली आहे, पण निर्णय घेणाऱ्याने तिच्यावर सर्वांत जास्त वेळ घालवावा असे मला वाटते. कारण ती मूळ विसंगतीला हात घालते. अमेरिकेत न्यायाधीश आणि स्थानिक यंत्रणा माणसाला तुरुंगात पाठवतात, तुरुंगाचे बिल राज्य भरते. याउलट त्याला बाहेर ठेवून उपचार द्यायचे तर ते बिल स्थानिक यंत्रणेच्या माथी येते. म्हणजे समाजाला महाग पडणारा पर्याय निर्णय घेणाऱ्यासाठी फुकट असतो. अशा वेळी कितीही परिषदा भरवा, माणसे तुरुंगातच जातात.

ओहायो राज्याने 1990 च्या दशकाच्या मध्यात बालगुन्हेगारांच्या बाबतीत हे गणित फिरवले. ‘रिक्लेम ओहायो’ नावाने प्रत्येक कौंटीला, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाला, ठरावीक रक्कम दिली. मूल राज्याच्या संस्थेत पाठवले की त्यातून पैसे कापायचे, गावातच त्याच्यावर काम केले तर उरलेले वापरायचे. अतिगंभीर गुन्ह्यांसाठी कपात नाही, म्हणजे पैशासाठी धोकादायक मुलाला बाहेर ठेवायचा मोह नको. राज्याच्या संस्थांत तेव्हा अडीच हजारांवर मुले होती. पुढे ही संख्या हजाराच्या बरीच खाली आली. त्याच काळात अमेरिकेत बालगुन्हेगारीही एकूणच घटली, तेव्हा सगळे श्रेय या योजनेला देता येणार नाही, पण दिशा उघड आहे.

कॅलिफोर्नियाने 2009 मध्ये प्रौढांसाठी तसाच कायदा केला. प्रोबेशनवर असलेले कमी लोक तुरुंगात पाठवून दाखवणाऱ्या कौंटीला राज्याच्या बचतीतला ठरावीक वाटा, आणि तो पैसा पुराव्यावर आधारलेल्या देखरेखीसाठीच वापरायचा. दोनच वर्षांनी, 2011 मध्ये, राज्याने बऱ्याच गुन्हेगारांची जबाबदारी कौंट्यांवरच टाकली आणि बचतीचे सूत्र नव्याने मांडावे लागले. सूत्रावर चालणारा निधी कायद्यातल्या प्रत्येक बदलाबरोबर हलतो, हे त्याचे नाजूक अंग.

टेक्सासचा मार्ग अजून सरळ होता. 2007 मध्ये तिथे पाच वर्षांत तुरुंगांत सुमारे 17,000 जादा खाटांची गरज पडेल असा अंदाज आला. कैद्यांबद्दल मवाळपणासाठी ओळखले न जाणारे हे राज्य. विधिमंडळाने नवे तुरुंग बांधायचे सोडून 24.1 कोटी डॉलर व्यसनमुक्ती, मानसिक उपचार आणि पर्यायी केंद्रांकडे वळवले. इथे बचत ‘होईल’ असे कुणी आश्वासन देत नव्हते. खर्च दारात उभा होता आणि तोच अडवला. 2010 पासून अमेरिकेच्या केंद्र सरकारने ‘जस्टिस रीइन्व्हेस्टमेंट’ या नावाने राज्यांना अशा कामात मदत सुरू केली. टीका अशी झाली की वाचलेला पैसा मूळ कल्पनेप्रमाणे ज्या वस्त्यांतून सर्वाधिक माणसे तुरुंगात जातात तिथे पोहोचण्याऐवजी बराचसा तुरुंग आणि पोलीस यंत्रणेतच फिरला. टीका योग्य आहे. कायद्यात ‘बचत’ लिहिले आणि ‘कुणाला’ हे लिहिले नाही की ती सर्वांत जवळच्या खात्यात जिरते.

या पद्धतीचा आणखी एक धोका सांगायला हवा. ती तुरुंगात जाणाऱ्यांची संख्या कमी करते; गुन्हे कमी होतात की नाही, हे वेगळे तपासावे लागते. अटी मोडणाऱ्याकडे नुसता काणाडोळा करूनही पहिला आकडा खाली आणता येतो.

बचत हातात येते का?

तिन्ही पद्धतींच्या प्रस्तावांत एक ओळ हमखास असते: एका कैद्याचा वर्षाचा खर्च अमुक, आम्ही इतके कैदी कमी करू, म्हणजे बचत तमुक. हा गुणाकार बहुतेक वेळा चुकीचा असतो. हजार कैद्यांच्या तुरुंगातून पन्नास कमी झाले तर त्यांचे जेवण, कपडे, औषधे वाचतात. पहारा तेवढाच, इमारत तेवढीच, अधीक्षकाचा पगार तेवढाच. खरी रोकड सुटते ती एखादी बराक बंद झाली, तुरुंग बंद झाला किंवा बांधायचा टळला तरच. पीटरबरोच्या वेळी हे सगळ्यांना ठाऊक होते. एका तुरुंगातल्या प्रयोगाने सरकारची तिजोरी भरणार नव्हती, आणि मोबदल्याचा काही भाग लॉटरी निधीतून ठेवला होता.

दुसरी अडचण खात्यांची. राहण्याची सोय गृहनिर्माण करणार, व्यसनमुक्ती आरोग्य खाते करणार, बचत तुरुंग खात्याची होणार. ज्याचे पैसे गेले त्याला काही मिळत नाही, मग पुढच्या वर्षी तो हात आखडता घेतो.

नॉर्वेने याला दिलेले उत्तर मला सर्वांत शहाणे वाटते, आणि त्यावर निधीची पद्धत म्हणून फारसे बोलले जात नाही. तिथे तुरुंगातली शाळा शिक्षण यंत्रणा चालवते, दवाखाना आरोग्य यंत्रणा, वाचनालय ग्रंथालय यंत्रणा. तुरुंग खाते त्या सेवा विकत घेत नाही. कैदी नागरिकच आहे, तेव्हा बाहेर त्याची सेवा ज्याच्या अंदाजपत्रकात आहे, आतही त्याच्याच. याचा परिणाम असा की सुटकेच्या दिवशी शिक्षक बदलला तरी यंत्रणा बदलत नाही, आणि ‘गुन्हेगारांवर खर्च’ असे वेगळे लेखाशीर्षच नसल्याने निवडणुकीच्या वर्षी कापायलाही ते सापडत नाही. नॉर्वेतल्या आकडेवारीवर आधारलेल्या, 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तुरुंगवासाने पुनरावर्तन कमी झाल्याचे दिसले. पण तो परिणाम मुख्यतः आधी बेकार असलेल्यांमध्ये होता, ज्यांना आत असताना रोजगार-प्रशिक्षणाशी जोडले गेले. अर्थात, बाहेरच शाळा आणि दवाखाना धड नसतील तर आत पाठवायचे काय, हा प्रश्न उरतो. कमकुवत यंत्रणेच्या ठिकाणी ही पद्धत उसनी आणता येत नाही.

मग कुणी काय निवडावे?

खात्यात असाल आणि कार्यक्रमाचा पुरावा भक्कम असेल (शिक्षण, नीट चालवलेली कुटुंब-समुपदेशनाची पद्धत, व्यसनावरचे उपचार), तर निकालावर मोबदल्याच्या भानगडीत पडू नका. जे माहीत आहे ते पुन्हा सिद्ध करायला गुंतवणूकदाराला परतावा देण्यात हशील नाही. बहुवर्षीय अनुदान द्या, पर्यवेक्षणाचा खर्च वेगळा दाखवा आणि तो कापायला येणाऱ्याला वॉशिंग्टनचे आकडे दाखवा.

कल्पना नवी असेल, गट लहान आणि स्पष्ट असेल आणि तुलनेला मदत न मिळालेले लोक उपलब्ध असतील, तर बाँड किंवा तत्सम करार विचारात घ्या. चार-पाच वर्षे उत्तर येणार नाही, हे वरिष्ठांना आधीच सांगून ठेवा. संपूर्ण राज्यासाठी एकदम असा करार कुणी सुचवत असेल तर त्याला 2014 नंतरचे इंग्लंड वाचायला द्या.

लोकप्रतिनिधी असाल आणि समोर नवा तुरुंग बांधायचा प्रस्ताव असेल, तर बचतीच्या पद्धतीसाठी याहून चांगली वेळ नाही. बांधकाम एकदा उभे राहिले की ते भरले जाते, आणि मग वाचवायला काही उरत नाही. तुरुंगात पाठवणारा आणि बिल भरणारा वेगळे असतील तर ओहायोचे सूत्र पाहा. वाटा कुणाला, किती वर्षे आणि कशासाठी, हे कायद्यातच लिहा. नंतरच्या शासन आदेशावर सोडू नका.

संस्थेच्या विश्वस्तांसाठी सल्ला थोडा रूक्ष आहे. निकालावर मोबदल्याचा करार समोर आला तर तीन गोष्टी विचारा. आकडा माणसांचा की गुन्ह्यांचा? आमच्याकडे कोण येणार हे कोण ठरवणार? सरकारने मध्येच व्यवस्था बदलली तर आमच्या झालेल्या कामाचे काय? तिसऱ्याचे उत्तर लेखी मिळत नसेल, तर मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक रक्कम ठरलेल्या शुल्कात मागा किंवा नम्रपणे नकार द्या. आणि तुमच्याच कार्यक्रमाची तुलनात्मक तपासणी होणार असेल तर ती टाळू नका, पण निकाल कसाही आला तरी प्रसिद्ध होईल अशी अट सुरुवातीलाच दोन्ही बाजूंवर घाला.

एक कलम तिन्ही पद्धतींत सारखेच विसरले जाते. निधी बंद झाला त्या दिवशी कार्यक्रमात अर्ध्यावर असलेल्या माणसांचे काय करायचे? उपचार चालू असलेला, नुकताच खोलीत राहायला आलेला, पुढच्या आठवड्यात कामावर रुजू होणारा. त्यांच्यासाठी सहा महिन्यांची रक्कम पहिल्याच वर्षी बाजूला काढून ठेवायला सांगा, आणि ती दुसऱ्या कशालाही वापरता येणार नाही असे करारात लिहून घ्या.